हृदयातला देव आणि टिळकांचा दरबार

जर्मन धर्मोपदेशक योहान्स गॉस्नर यांनी १८१२ मध्ये एक छोटी सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या पानोपानी मानवी हृदयाचे चित्र आहे. आरंभी त्यात मोर, बोकड, डुक्कर, साप अशी सात पापांची सात जनावरे ठाण मांडून बसलेली दिसतात; पुढे ती बाहेर पडतात आणि हृदय देवाचे मंदिर होते. मिशनऱ्यांनी ही चित्रे आशिया-आफ्रिकेत दूरवर नेली. मूळ कल्पना मात्र पहिल्या शतकातली. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने श्रद्धावंतांनाच देवाचे मंदिर म्हटले आहे.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते. अंतरातला विठ्ठल वारकरी कीर्तनांनी केव्हाच घरोघरी पोहोचवला होता. संतवाणीत मुरलेले कवी नारायण वामन टिळक तर, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. पण देव हृदयात असला तरी किंमत घरादाराला मोजावी लागते. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली. (ती हकिकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मुळातूनच वाचावी.)

देव हृदयात राहतो, तर चर्चच्या नोंदवहीत नाव नसलेल्या भक्ताचे काय? १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही प्रवेश होता. मे १९१९ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.