डोंगराची चौकट : मुकुटबनहून पाहताना

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे एक हिवाळी शिबिर झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या परिसरात भरले होते. श्रमदान, सर्वेक्षण, बौद्धिक ही ठरलेली सत्रे पार पडल्यावर विद्यार्थ्यांनी आग्रह धरला की एक दिवस तरी डोंगर चढावा, रात्री तंबूत मुक्काम करावा आणि सकाळी सूर्योदयाची छायाचित्रे काढावीत. एका कोलाम पोडावरचे एक वयस्क गृहस्थ वाट दाखवायला आले. आम्ही चढलो, पण वर पोहोचताच मुलांचा हिरमोड झाला. समोर कडा नव्हता, दरी नव्हती, ढगांचा समुद्र नव्हता. पानगळीला लागलेला साग, त्याखाली तुरीची नि कपाशीची शेते, दूरवर पैनगंगेच्या दिशेने विरत गेलेले धुरकट माळरान. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, इथं फोटो काढण्यासारखं काही नाही." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. 'फोटो काढण्यासारखे' म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी शिकवले, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याला सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

निसर्गाकडे 'चित्र' म्हणून पाहण्याची रीत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रासारखी मांडली गेली. विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने वाय नदीच्या प्रवासावरील आपल्या 1782 च्या पुस्तकात निसर्गदृश्याची चित्रकाराच्या दृष्टीने परीक्षा केली. पुढे जवळचा गडद भाग, मध्ये पाणी किंवा झाडी, मागे फिकट होत गेलेले डोंगर, आणि दोन्ही बाजूंना नजरेला आत वळवणारे काहीतरी, अशी ती रचना. तिचा आदर्श सतराव्या शतकातील क्लोद लोरँ या चित्रकाराच्या चित्रांतून घेतलेला होता. त्याच्याच नावाचा एक काळसर बहिर्गोल आरसा तेव्हाचे प्रवासी जवळ बाळगीत. देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात उमटलेले लहानसे, सौम्य रंगांचे चित्र न्याहाळायचे! आज डोंगरमाथ्यावर पोहोचताच दरीकडे पाठ करून हातातल्या पडद्यात पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हसण्यापूर्वी या आरशाची आठवण ठेवलेली बरी.

ही दृष्टी चित्रकारांबरोबर हिंदुस्थानात आली. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे 1793 मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांच्या 144 चित्रांच्या मालिकेने (1795–1808) हिंदुस्थानचे दृश्य कसे असावे याचा साचा युरोपीय वाचकाच्या मनात पक्का केला. त्यामुळे छायाचित्रणाची कला इकडे आली तेव्हा चौकट आधीच तयार होती. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी तेव्हाच संबंध आला, हे मराठीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असे नाही. तो लवकर आला. मात्र येताना कुठे उभे राहायचे आणि कुठे पाहायचे तेही सांगत आला.

या शिकवणुकीचा एक भाग अभिरुचीचा होता, दुसरा यंत्राचा. त्या काळातील कलोडियन पद्धतीत काचेला रसायनाचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन लगेच, काही मिनिटांत, धुऊन काढायची. म्हणजे डोंगरावर काळोखी राहुटी हवी, काचा हव्यात, रसायने हवीत, भरपूर पाणी हवे आणि हे सारे वाहून नेणारी माणसे हवीत. हे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, तांबड्या-हिरव्याला मंद. त्यामुळे आकाश पांढरे फटक येई आणि झाडी काळवंडे. प्रकाशनाला अनेक सेकंद लागत. वाऱ्याने हललेली फांदी पुसट होई आणि वाहते पाणी दुधासारखे दिसे. जे स्थिर, उंच आणि ठळक कडेचे तेच नीट उमटे. कडा, बुरूज, देऊळ, लेणे यांना काचेवर जागा मिळाली. वाऱ्यावर डोलणारे तुरीचे शेत काचेवर टिकणारे नव्हते. माळरानाची उपेक्षा काही अंशी रसायनशास्त्रानेच केली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

सॅम्युएल बोर्न याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून तो 1863 मध्ये हिंदुस्थानात आला, 1866 पर्यंत त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या आणि अखेरच्या सफरीत सुमारे 18,600 फुटांवरील मनिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. त्याचे सामान वाहायला डझनावारी हमाल लागत. एवढे करून त्याने इंग्लंडमधील छायाचित्रणाच्या नियतकालिकाला पाठवलेल्या लेखांत तक्रार कोणती, तर हिमालय भव्य आहे, परंतु चित्रमय नाही. त्यात इंग्लंड-स्कॉटलंडसारखी सरोवरे आणि ओढे नाहीत! हिमालयाला नापास करणारी ही कसोटी मुकुटबनच्या टेकड्यांना कशी पास करील?

आपल्या भागाशी अधिक जवळचा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मद्रास लष्करातील हा अधिकारी 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमला गेला. त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. त्यांतले एक पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्गेतिहास दाखवणाऱ्या शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रांचे होते. स्टिरिओस्कोपमध्ये किंचित फरक असलेली दोन चित्रे दोन डोळ्यांनी पाहिली की खोलीचा भास होतो. आणि तो भास ठसठशीत व्हायचा तर चित्राच्या पुढच्या भागात काहीतरी असावेच लागते. एखादा खडक, झुडूप, किंवा माणूस. 'पुढे काहीतरी ठेवा' हा आज प्रत्येक छायाचित्रण-शिबिरात सांगितला जाणारा नियम असा गिल्पिनच्या अभिरुचीतून आणि स्टिरिओस्कोपच्या गरजेतून, दोन्हीकडून बळकट झाला.

इथे प्रश्न उभा राहतो तो त्या पुढच्या माणसाचा. एकोणिसाव्या शतकातील लेण्यांच्या, देवळांच्या, धबधब्यांच्या छायाचित्रांत एक स्थानिक माणूस पुन्हा पुन्हा दिसतो. तो खांबाला टेकून बसलेला असतो किंवा कड्याच्या टोकाशी उभा असतो. त्याचे नाव सहसा नोंदलेले नसते. तो तेथे आहे तो खांबाची उंची कळावी म्हणून. तो मोजपट्टी आहे. प्रकाशनाला लागणारे सेकंद संपेपर्यंत हलू नकोस, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

मराठी मनात डोंगराचे चित्र रुजले ते मात्र केवळ या छायाचित्रांनी नव्हे. विसाव्या शतकात किल्ल्यांच्या भटकंतीने आणि त्या भटकंतीच्या साहित्याने ते काम केले, आणि त्यात गो. नी. दांडेकरांचे स्थान अनन्यसाधारण आहे. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' यांसारख्या पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना सह्याद्रीच्या वाटेवर नेले. गोनीदांनी स्वतः कॅमेऱ्यानेही किल्ले टिपले. त्यांच्या लेखनात गड पायांनी आणि मुक्कामाने कळतो, नुसत्या नजरेने नाही, ही त्यांची थोरवी. परंतु या परंपरेचा एक परिणाम असाही झाला की मराठीत 'डोंगर' म्हटले की सह्याद्री, आणि 'डोंगराचे चित्र' म्हटले की कातळकडा, असे समीकरण होऊन बसले. गोनीदांचा जन्म 1916 चा, परतवाड्याचा. म्हणजे विदर्भातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. सह्याद्री पाहायला शिकवणारा माणूस वऱ्हाडातून गेला होता, याची आठवण आम्हां विदर्भातील शिक्षकांना सुखावते आणि थोडी बोचतेही.

या समीकरणाचा सर्वांत निरागस पुरावा शाळेत सापडतो. कोणत्याही मराठी शाळेतील मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. शिबिराच्या गावातील शाळेत आम्ही हेच चित्र भिंतीवर पाहिले. ज्या मुलांच्या दारात मोह आणि पळस आहे ती नारळ काढतात. त्यांच्या डोळ्यांसमोरची टेकडी लांबट, सपाट माथ्याची आहे, पण कागदावर ती टोकदार होते.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. अभिरुचीचा प्रश्न आहे, सोडून द्यावा. परंतु मुकुटबनच्या भूमीकडे कोणी पाहिलेच नाही, असे झालेले नाही. दख्खनच्या लाव्हाचा थर पूर्वेकडे विरळ होत जातो आणि या पट्ट्यात त्याखालचे पैनगंगा खोऱ्यातील चुनखडक व गोंडवन काळातील कोळशाचे थर हाताशी येतात. बोर्न हिमालयातून उतरल्यानंतर अकरा वर्षांनी, 1877 मध्ये, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा टी. डब्ल्यू. एच. ह्यूज याचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे जो भूभाग चित्रात आला नाही, तो नकाशात आला. पुढे मुकुटबन रेल्वेने जोडले गेले, जवळच्या मार्की-मांगलीचे कोळसापट्टे वाटले गेले, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील अशी 204 वाटपे रद्द केली, आणि चुनखडकामुळे सिमेंटचा मोठा कारखानाही मुकुटबनला आला. याउलट, पश्चिम घाटातील कासच्या पठारासारखी स्थळे 2012 मध्ये आणि बारा मराठा किल्ले 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याला इतिहासाची आणि जैवविविधतेची भक्कम कारणे आहेत. छायाचित्रांमुळेच ते घडले, असे म्हणणे खोटे होईल. तरी एवढे खरे की ज्या भूमीचे चित्र लोकांच्या मनात असते, तिच्या बदलाची हळहळ लोकांना वाटते. ज्या भूमीचे चित्रच नाही, तिचे काय गेले हे सांगायलाही शब्द सापडत नाहीत.

भूमीकडे पाहण्याची दुसरी एखादी रीत मराठीत होती काय? होती, आणि ती वऱ्हाडाला परकी नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' आपण एम.ए.ला अभ्यासतो, बहुधा भाषेच्या नमुन्यासाठी. श्रीचक्रधरांच्या लीळा जिथे घडल्या त्या स्थानांची ती गावागावांनी केलेली नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे, कोणत्या जागी कोणती लीळा घडली. तिथे देखावा नाही, क्षितिज नाही, पाहणारा एका जागी उभाही नाही. तो चालतो आहे, आणि त्या जागी कोण बसले, कोण बोलले हे आठवतो आहे. चित्रमय दृष्टीत माणूस भूमीची मोजपट्टी होतो. स्थानपोथीत भूमी माणसाच्या आठवणीने मोजली जाते. एक रीत खरी आणि दुसरी खोटी, असे माझे म्हणणे नाही. पण एकच रीत शिकवली गेली, तर बहुतेक महाराष्ट्र 'फोटो काढण्यासारखा नाही' असा ठरतो.

त्या डोंगरावर हे सारे मला सुचलेले नव्हते. उलट, हिरमुसलेल्या मुलांना धीर देण्यासाठी मीच सांगितले की पुढे काहीतरी घ्या, म्हणजे चित्राला खोली येईल. मुलांनी वाट दाखवणाऱ्या त्या गृहस्थांना उताराच्या टोकाशी उभे केले. ते बराच वेळ उभे राहिले. सूर्य मावळतीला होता. पाठमोरी काळी आकृती आणि मागे तांबूस आभाळ. चित्रे खरोखरच चांगली आली. मग ते परत आले आणि म्हणाले, "माहा फोटू काढला का जी?" मुलीने मोबाईल पुढे केला. त्यांनी पाहिले, बोटाने आपली आकृती शोधली आणि म्हणाले, "हा तं कोनीबी असंल." ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त पाहिले ते सांगितले. आम्ही सगळेच मात्र काही क्षण गप्प झालो.

सकाळी सूर्योदयासाठी फार कोणी उठले नाही. ज्या मुलीने आदल्या संध्याकाळी छायाचित्र काढले होते, ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि ते हाताने दाखवीत गेले. ती झाडी कोणाची, तो नाला उन्हाळ्यात कुठपर्यंत टिकतो, कोणत्या खडकाशी पूजा होते, पोड पूर्वी कुठे होते आणि तेथून का उठले. तिने प्रत्येक जागेचे छायाचित्र घेतले, वहीत नाव लिहिले आणि शेवटी त्यांचेही घेतले, समोरून. रचनेच्या नियमांनी पाहिले तर ते बिघडलेले आहे. क्षितिज डोक्यातून आरपार जाते, उन्हाने डोळे बारीक झालेले आहेत, एक हात चौकटीबाहेर गेला आहे. त्याच हाताने ते काहीतरी दाखवीत होते. त्याची एक प्रत छापून आम्ही पोडावर पोचती केली, आणि तिची ती वही विभागाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. 'स्थानपोथी' शिकवायला घेतली की मी आधी ती वही वर्गात फिरवतो.