बालबोध अक्षर आणि लष्करातील मूल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ, टोपी बाजार आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. छावणीबरोबर आलेली मराठी तेथील काही घरांतून आजही बोलली जाते. मात्र या घरांतील मूल शाळेत हिंदी शिकते. त्याच्या हाती मराठी पुस्तक दिल्यास अक्षरे त्याला वाचता येतात, 'ळ'पाशी तेवढे ते अडखळते. तरीही दोन पाने उलटून ते पुस्तक मिटून ठेवते. अक्षरओळख व वाचन यांतील हे अंतर कशाने भरून निघते, हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींनाही पडला होता.

आरंभी अडचण लिपीचीच होती. दरबारी हिशेब व पत्रव्यवहार मोडीत चाले; शिंद्यांच्या दरबारातही तीच. विल्यम केरी यांनी १८१० मध्ये सेरामपूर येथे छापलेला मराठी कोशही मोडी टंकांतच होता. पुढे छापखान्यांनी देवनागरी स्वीकारली. तिला आपल्याकडे 'बालबोध' म्हणत, म्हणजे मुलालाही समजावी अशी. नाव मोठे आश्वासक. पण त्या सुबोध अक्षरांत मुलापुढे येई काय? बहुधा क्रमिक पुस्तक किंवा प्रश्नोत्तरी, आणि दोहोंच्या शेवटी परीक्षा उभी. प्रश्नोत्तरी घडाघडा म्हणणारे मूल वाचू लागले, असे समजण्याची चूक आमच्या शब्बाथ शाळांनी पुष्कळ केली. ती खोड अद्याप पुरती गेलेली नाही.

अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक काढले. आमच्या मते या नावातच नवा विचार आहे. मेवा मुलाच्या हातावर ठेवावयाचा असतो. तो किती खाल्ला याची कोणी परीक्षा घेत नाही. शिवाय मासिकाची वाट पाहता येते, क्रमिक पुस्तकाची कोण पाहणार? या वाटेवर मिशन एकटे राहिले नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' आणि वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केले.

मासिकाइतकेच घराचे महत्त्व. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा लाभली नाही. लग्नानंतर पतीने त्यांना वाचावयास शिकविले. शिकविणारा कवी असल्याने घरात कविता रचल्या जात, ऐकविल्या जात. अक्षरांच्या आधी कानांवर शब्द पडलेल्या या स्त्रीने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली. फिलिप्पाला रथात भेटलेला कूशी अधिकारीही वाचतच होता. उणीव होती ती शेजारी बसणाऱ्याची.

टोपी बाजारातील घरी आजी अजून मराठीत गोष्ट सांगत असेल, तर उपदेशकाने तेथे प्रश्नोत्तरी नेऊ नये. गोष्टीचे पुस्तक न्यावे आणि आजीला ते मोठ्याने वाचावयास सांगावे. ऐन रंगात आल्यावर तिने चष्मा काढून पुस्तक नातवापुढे सरकवावे. 'ळ' तीच सांगेल.