मराठी ख्रिस्ती उपासना आणि तालवाद्ये : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ख्रिस्ती उपासनेत तालवाद्यांना स्थान असावे की नसावे, हा वाद केवळ आवाजाच्या तीव्रतेचा नाही. स्तोत्रसंहितेतील 150 व्या स्तोत्रात डफ व झांज यांच्यासह परमेश्वराचे स्तवन करण्यास सांगितले आहे. तरीही दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 च्या आदेशाने रोमन कॅथोलिक चर्चमध्ये पियानो, ढोल व झांजा यांस मनाई केली. वाद्य कोणाच्या हातून आणि कोणत्या प्रसंगी वाजत आले आहे, यावर त्याचा स्वीकार अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसरातील प्रॉटेस्टंट उपासनेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मिशनकार्य आणि कीर्तनपरंपरा

रेव्ह. आर. जी. वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरास आले. 1870 मध्ये हे कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. या पंथात प्रवचन व सामुदायिक गायन यांना प्राधान्य होते, तर वाद्यांविषयी कॅल्व्हिनच्या काळापासून साशंकता होती. आरंभीची अनेक मराठी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असल्याने तबला वा मृदंग यांना त्यांत स्वाभाविक जागा नव्हती.

हा बदल अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातून घडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृ. र. सांगळे यांनी कीर्तनाचा घाट ख्रिस्ती कथेसाठी वापरला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व पदे रचून त्यास काव्याची जोड दिली. ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे ही रचना मराठी मंडळ्यांत सर्वदूर पोहोचली. अभंगाबरोबर आठ मात्रांचा भजनी ठेकाही आला आणि तबला, मृदंग व टाळ यांस उपासनेत प्रतिष्ठा मिळाली.

हलगीचा प्रश्न

मात्र या स्वीकाराला एक मर्यादा होती. कीर्तनातील वाद्ये देवळाशी व संतपरंपरेशी निगडित होती. कोल्हापूरची ओळख असलेली हलगी आखाड्यात, जत्रेत व मिरवणुकीत गाजली, परंतु तिचे वादन गावगाड्यात प्रामुख्याने मांग (मातंग) समाजाकडे जातिनिष्ठ सेवा म्हणून होते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने हे वाद्य खाली ठेवणे म्हणजे वेठ नाकारणे होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द केली आणि 1920 मध्ये माणगाव परिषद भरली, तो काळही अशा आत्मसन्मानाचाच होता. म्हणून हलगीच्या अनुपस्थितीस केवळ मिशनऱ्यांचा पाश्चात्त्य दृष्टिकोन कारणीभूत मानणे एकांगी ठरेल.

ड्रमसेटचे आगमन

1909 मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी बास ड्रमसाठी पायाने चालणारे सुटसुटीत पेडल तयार केले. अशा साधनांमुळे पूर्वी दोन-तीन वादकांचे काम एकाच व्यक्तीस करता येऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटार, कीबोर्ड व ड्रमसेट यांचा वाद्यवृंद उपासनेत जगभर पसरला आणि मराठी तरुण संघांतही रुजला. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा स्नेअरचा आघात भजनी ठेक्याहून वेगळा आहे. त्यामुळे जुन्या अभंगांस ही साथ देताना लयीची लवचीकता कमी होते, हा ज्येष्ठांचा आक्षेप निराधार नाही. परंतु ड्रमसेटला जातीचा इतिहास नाही. तो वाजविणाऱ्या तरुणास कोणीही त्याचे कूळ विचारीत नाही. त्याच्या लोकप्रियतेस नावीन्याइतकेच हेही कारण असावे.

निष्कर्ष

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्थानिक संगीतपरंपरांना मान्यता दिली, तेव्हापासून ‘भारतीयीकरण’ हा शब्द रूढ झाला. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा अभिजात व भक्तिपर वाद्यांपुरताच राहिला. तमिळनाडूत सत्यनाथन क्लार्क यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परै या ढोलास दलित धर्मानुभवाचे केंद्रीय प्रतीक मानले. अपमानाची खूण समजले गेलेले वाद्य अशा रीतीने अभिमानाची खूणही होऊ शकते. तथापि, हलगीस उपासनेत स्थान द्यावयाचे की नाही, हा निर्णय अभ्यासकांनी वा धर्माधिकाऱ्यांनी परस्पर घेण्याचा नाही. ज्यांच्या पूर्वजांवर ती वाजविण्याची सक्ती होती, त्यांचाच तो अधिकार आहे. कोल्हापूरच्या उपासनासंगीताचा इतिहास लिहिताना वाजलेल्या वाद्यांबरोबर जाणीवपूर्वक मौन ठेवलेल्या वाद्याचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.