जंगल मूळचं कोरडं

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये लू सुटते, तेव्हा ‘जंगल’ या शब्दाचा जुना अर्थ अंगाला जाणवतो. आज जंगल म्हटलं की घनदाट, ओलं, अंधारं रान डोळ्यांपुढे येतं. संस्कृतातलं ‘जाङ्गल’ मात्र कमी पाण्याचं, मोकळ्या आभाळाचं, विरळ झाडीचं. बिकानेरच्या कोरड्या मुलखाला जांगलदेश म्हणत, आणि तिथले राजे ‘जंगलधर बादशाह’ म्हणवून घेत.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे तीन प्रकार येतात. जांगल देशात खैर, धावडा, सालई, बोर, शमी. पक्षी लावा आणि तित्तिर. आनूप देशात नारळ, केळ, तमाल. पक्षी हंस आणि चक्रवाक. मधला तो साधारण. झाडं, पाखरं, हवा आणि माणसाची प्रकृती यांचा इतका एकत्र विचार मला फार मोलाचा वाटतो. तो आजही पटतो. आंबोलीसारख्या पावसाळी घाटात हवाच ओली, म्हणून कातडीतून पाणी घेणारे बेडूक तिथे सुखात राहतात. थरच्या वाळवंटात कोरडी हवा दिवसाची ऊब रात्री धरून ठेवत नाही. तिथलं चिंकारा हरीण पाल्यातल्या ओलाव्यावर दिवस काढतं.

अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला आणि हळूहळू वर्षावनाचा झाला. किपलिंगचं ‘जंगल बुक’ (1894) घडतं ते सिवनीच्या पानझडी रानात. चित्रपटांनी तिथे वेलींनी लगडलेलं सदाहरित वन उभं केलं. तोच ओला अर्थ घेऊन शब्द आपल्याकडे परतला. मराठीला तशी त्याची गरज नव्हती, अरण्यावरून आलेलं ‘रान’ आपल्याकडे होतंच.

अर्थ पालटला त्याची झळ जमिनीला बसली. खुरटी झुडपं असलेली जमीन सरकारी नकाशांत ‘पडीक’ ठरते, सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’. माळढोक अशाच माळावर जगतो. आमच्या ग्वाल्हेरजवळचं घाटीगाव अभयारण्य त्याच्यासाठीच राखलं होतं. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते कूनो राष्ट्रीय उद्यानात सोडले, ते रानही खैर, सालई आणि करधईचं. चरकांनी पाहिलं असतं तर त्याला जांगलच म्हटलं असतं. गावाबाहेरच्या बोरी-बाभळींच्या माळाला आपणही पडीक म्हणणं सोडूया. ते जंगलच आहे.