वेतनाचा गडी आणि मानाचा गडी

पुण्याच्या परिसरांत महाळुंगे नांवाचीं दोन गांवें आहेत. एक मुळेच्या कांठीं, बालेवाडीस लागून. तेथें १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं मोठी क्रीडानगरी उभी राहिली. दुसरें चाकणजवळचें, तें आतां कारखान्यांनीं वेढलेलें असून तेथील दिवस पाळ्यांवर मोजला जातो. पहिलें गांव खेळाचें व दुसरें वेतनाचें, असें कोणी म्हणेल. परंतु खेळ आणि वेतन हीं वाटतात तितकीं एकमेकांपासून दूर नाहींत. आणि त्या दोहोंमधल्या वाटेनें आपल्याकडे जे आरंभीं चालले त्यांना काय सोसावें लागलें, याचा विचार आज करावा असें आम्हांस वाटतें.

ही वाट इंग्लंडांतही सुखाची नव्हती. रग्बी हा अंगास अंग भिडवून खेळावयाचा खेळ. तो श्रीमंतांच्या शाळांतून निघाला आणि यॉर्कशायर व लँकेशायर प्रांतांतील गिरणीकामगारांनीं व खाणकामगारांनीं तो आपलासा केला. पण सामन्यास जावें तर मजुरी बुडे. ही बुडीत मजुरी भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. पैसा घेऊन खेळणें सभ्य गृहस्थास शोभत नाहीं, या समजुतीनें खेळाच्या चालकांनीं ती धुडकावली. तेव्हां २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत या क्लबांनीं आपली निराळी संस्था काढली आणि बुडालेल्या दिवसाबद्दल गड्यास सहा शिलिंग देण्याचें ठरविलें. पुढें १९०६ सालीं संघांत पंधरांऐवजीं तेरा गडी झाले, आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकारास आला.

याच सुमारास पुण्यांत एक तरुण मैदानावर रूळ फिरवून पोट भरीत होता. त्याचें नांव बाळू पळवणकर. जन्म १८७६ सालीं धारवाडास, जात चांभार, वडील पुण्यास लष्करी नोकरींत. बाळूंची पहिली चाकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबांत, दरमहा तीन रुपयांची. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. तेथें चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टी सारखी करणें, जाळीं बांधणें, रेषा आंखणें हीं त्यांचीं कामें. फावल्या वेळीं साहेबांना चेंडू टाकतां टाकतां डाव्या हाताची ती मंद, फसवी गोलंदाजी तयार झाली. कॅप्टन ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल बाळूंना दर वेळीं आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना त्या क्लबांत कधीं मिळाली नाहीं असें सांगतात. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. चेंडू टाकणें हे कष्ट आणि फळी धरणें हा मान, ही वांटणी विलायतेंतही होती. तेथें वेतनी गडी पुष्कळदां गोलंदाज असत आणि ‘जंटलमन’ फलंदाजी करीत.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांवर जय हवा होता, आणि त्यासाठीं बाळू हवे होते. वादविवाद होऊन त्यांना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर त्यांनीं फेंकलेला चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र इतर गडी आंत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. चेंडूला विटाळ होत नाहीं, पेल्याला होतो, हा न्याय शिकलेल्या लोकांनींच चालविला होता, हें विसरतां येत नाहीं.

पुढें बाळू मुंबईस गेले. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदूंच्या संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या संघांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेही होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघाची कामगिरी एकंदर निराशेची झाली. पण पस्तिशींतल्या बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, आणि तेही गड्यामागें एकोणिसांहून कमी धावा देऊन. ते परतल्यावर अस्पृश्य समाजानें मुंबईंत त्यांचा सत्कार केला.

असा गडी संघाचा कर्णधार कां होऊं नये? हा प्रश्न वर्षानुवर्षें टाळला गेला. १९२० सालीं तर बाळूंनाच वगळण्यांत आलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल या भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपली तक्रार लोकांपुढें उघड मांडली. लोकमत त्यांच्या बाजूस वळलें. भावांना परत बोलावणें आलें आणि बाळूंना उपकर्णधार नेमलें गेलें. कर्णधारपद अखेर १९२३ सालीं धाकट्या विठ्ठलाकडे आलें, आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली.

ज्या पुण्यांत बाळूंनीं बाहेर उभें राहून चहा घेतला, त्याच पुण्यांत १९३२ सालीं झालेल्या करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्यांचें राजकारण ज्यांना पटलें नाहीं, त्यांचेंही म्हणणें निराधार नव्हतें. परंतु त्यांची थोरवी निवडणुकीच्या मतांनीं मोजावयाची नाहीं. ४ जुलै १९५५ रोजीं ते निवर्तले.

आतां दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहूं. उत्तर इंग्लंडांतील कामगारावर ठपका होता तो पैसा घेतल्याचा. त्यानें जुनें घर सोडलें आणि नवें बांधलें. क्रिकेटमधील ‘जंटलमन’ व वेतनी गडी हा भेदही १९६२ सालीं कागदोपत्रीं संपला. बाळूंनीं पैसा घेतला म्हणून आपल्याकडे कोणी त्यांस नांवें ठेविलीं नाहींत. नांवें ठेविलीं तीं जन्मास, आणि जन्म कांहीं क्लबासारखा बदलतां येत नाहीं. म्हणून त्यांना घर सोडून जाण्याची सोय नव्हती. आंत राहूनच भांडावें लागलें, आणि भांडण्याचें साधन काय, तर बोटांतला चेंडू.

आज महाळुंग्याच्या क्रीडानगरींत मुलें करारावर सही करून खेळाडू होऊं शकतात, आणि कोणाचाही पेला वेगळा ठेवला जात नाहीं, अशी आपली समजूत आहे. ती समजूत मैदानाबाहेर, आपापल्या माजघरांतही खरी आहे काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.