गोन्सालो : वसईच्या मातीतील एक विरळ नाव

आपल्या धर्मग्रामांच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत 'गोन्साल्विस' किंवा 'घोन्साल्विस' हे आडनाव वारंवार आढळते. 'गोन्सालो' हे नाव मात्र मुलांसाठी क्वचितच निवडले जाते. वास्तविक हे आडनाव त्याच नावापासून तयार झाले आहे. गोन्साल्विस याचा मूळ अर्थ 'गोन्सालोचा पुत्र'. म्हणजेच वसईतील अनेक कुटुंबे एका संताचे नाव आडनावात पिढ्यान्‌पिढ्या वाहत आहेत, परंतु ते नाव आपल्या मुलाला देण्यास सहसा धजावत नाहीत.

नावाचा उगम

पाचव्या शतकात इबेरियाच्या द्वीपकल्पात, म्हणजे आजच्या स्पेन व पोर्तुगालच्या भूमीत, व्हिसिगॉथ हे जर्मानिक लोक आले. त्यांच्या भाषेतून आलेले हे नाव मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत 'गुन्डिसाल्वुस' असे लिहिलेले आढळते. त्यातील 'गुन्ड' या पहिल्या पदाचा अर्थ 'युद्ध' असा आहे. दुसऱ्या पदाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते लॅटिनमधील 'साल्वुस' म्हणजे 'सुरक्षित, तारलेला' या शब्दाशी जुळते, तर इतर त्याचे मूळ जर्मानिक भाषेतच शोधतात. पहिले मत मान्य केल्यास 'युद्धातून तारलेला' असा अर्थ निघतो.

पुढे या नावाला स्पॅनिशमध्ये 'गोन्झालो' व पोर्तुगीजमध्ये 'गोन्सालो' अशी रूपे मिळाली. स्पॅनिश लोकांतील अतिपरिचित 'गोन्झालेझ' हे आडनावही त्यापासूनच झाले. संत आलोयसियस गोन्झागा (1568–1591) यांच्या नावाशी अनेकजण याची गल्लत करतात. परंतु गोन्झागा हे इटलीतील एका गावावरून पडलेले घराण्याचे नाव आहे. त्याचा गोन्सालोशी संबंध नाही.

या नावाचे धर्मवीर

13व्या शतकातील डॉमिनिकन संन्यासी धन्यवादित गोन्सालो आमारांते यांची पोर्तुगालमध्ये मोठी भक्ती आहे. त्यांचा स्मरणदिन 10 जानेवारी. येशूसंघीय धर्मगुरू गोन्सालो दा सिल्व्हेरा हे भारतात प्रांताधिकारी होते. पुढे आफ्रिकेत सुवार्ताकार्य करीत असताना 1561 साली त्यांना ठार करण्यात आले.

मात्र आपल्याला सर्वांत जवळचे संत गोन्सालो गार्सिया हे होत. त्यांचा जन्म 1557च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, तर आई याच मातीतील. येशूसंघीयांच्या छत्राखाली शिक्षण घेऊन ते किशोरवयातच जपानला गेले, तेथील भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. काही काळ त्यांनी व्यापारही केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याच्या आज्ञेने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 ख्रिस्ती जनांना क्रुसावर ठार मारण्यात आले. त्यात गोन्सालो होते. 1627 साली त्यांना धन्यवादित, तर 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले घोषित संत होत.

नाव मागे का पडले?

संतांच्या सन्मानार्थ वसईत गास येथे चर्च उभे आहे, महाविद्यालयास त्यांचे नाव आहे, आणि वसई किल्ल्यातील येशूसंघीयांचे जुने मंदिरही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दगडावर कोरलेले हे नाव पाळण्यात मात्र क्वचितच ऐकू येते. ज्या घरात आडनावच गोन्साल्विस आहे, तेथे 'गोन्सालो गोन्साल्विस' ही पुनरुक्ती कानाला खटकते, हे खरे. काहींना ते परकीय वाटते, तर काहींना आजच्या लहान, सुटसुटीत नावांपुढे जुने वाटते. पोर्तुगालमध्ये मात्र गेल्या काही दशकांत हे नाव पुन्हा मोठ्या प्रमाणात ठेवले गेले आहे.

1917च्या धर्मसंहितेनुसार स्नानसंस्कारावेळी ख्रिस्ती नाव दिले जाईल याची दक्षता धर्मगुरूंनी घ्यावयाची होती. 1983च्या संहितेतील 855वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. त्यामुळे भारतीय नावांची योग्य वाट मोकळी झाली, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु जे नाव आपल्याच गावच्या पुत्राने पवित्र केले, त्याला 'परकीय' म्हणून दूर सारणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

'युद्धातून तारलेला' असा अर्थ घेतला, तर गोन्सालो गार्सिया नागासाकीच्या टेकडीवरून जिवंत परतले नाहीत, याचे स्मरण होते. ख्रिस्तसभा मात्र त्यांना तारलेल्यांमध्येच गणते. 6 फेब्रुवारीला संत पॉल मिकी व सहकारी रक्तसाक्षींचा स्मरणदिन साजरा करताना त्या सहकाऱ्यांत एक वसईकर होता, हे आईवडिलांनी मुलांना सांगावे. नाव पहिले म्हणून ठेवणे जमत नसेल, तर स्नानसंस्कारावेळी दुसरे नाव म्हणून किंवा दृढीकरण संस्कारावेळी तरी त्याचा विचार अवश्य करावा.