निरोगी अवयवावर शस्त्र : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या कार्तिकात देवळातील भजन आटोपल्यावर सभामंडपातच एका परिचित बाईंनी आमच्या हाती एक कागद ठेवला. बाई साठीच्या घरातल्या, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, भजनी मंडळात पुढे बसून गाणाऱ्या. "भाऊ, सही करण्यापूर्वी तुम्ही ह्यावर एकदा नजर घाला," एवढेच त्या म्हणाल्या. कागद म्हणजे चेहऱ्याची व मानेची सैल पडलेली कातडी ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र होते. वकिलाच्या डोळ्यांस त्यातले एक कलम खटकले. गरज भासल्यास जबड्याखालील लाळग्रंथींचा काही भाग काढून टाकण्यात येईल, असा त्याचा आशय होता. बाईंचा प्रश्न अगदी साधा होता. "ग्रंथीला रोग नाही, मग ती कापायची कशाला?"

हा प्रश्न आम्हांस हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. नटव्या लोकांचे खूळ म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. परंतु शल्यशास्त्र आणि कायदा ह्या दोहोंच्या इतिहासात त्याने शहाण्या माणसांस पुष्कळ छळले आहे. तो इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज बाईंच्या कागदावर मत देणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

प्रथम आपल्याच घरापासून आरंभ करू. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक व फाटलेली कानाची पाळी पुन्हा घडविण्याचा विधी सांगितला आहे, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच विद्येची एक शाखा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या परिसरात जिवंत होती, ह्याचा छापील पुरावा लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात मिळतो. त्यात कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकिकत आहे. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता; टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून तिचे नवे नाक बसविले. त्या वृत्तांताचा परिणाम असा झाला की, लंडनच्या कार्प्यू नामक शल्यवैद्याने १८१४ साली हाच विधी करून पाहिला आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील आधुनिक नासिकारचनेची परंपरा येथून पुढे चालली.

ह्या हकिकतीतील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. नाक घडविण्यासाठी कपाळावरची निरोगी कातडी खर्ची पडली होती. कपाळाला काही रोग नव्हता. तरीही ह्या व्यवहारास कोणी अधर्म म्हटले नाही, कारण नाक जाणे म्हणजे नुसते श्वासाचे दार मोडणे नव्हे. चारचौघांत मान वर करून वावरण्याचा हक्क जाणे होय. तेव्हा निरोगी अवयवास शस्त्र लावूच नये, असा सरसकट नियम आपल्या परंपरेतून निघत नाही. काय मिळविण्यासाठी काय वेचले, आणि वेचणाऱ्यास ते ठाऊक होते काय, एवढेच तेथे पाहावयाचे असते.

आता चेहरा ताणण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळू. तिचा जन्म विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला. बर्लिनच्या होलेंडर ह्या शल्यवैद्याने आपण १९०१ साली एका पोलिश सरदार घराण्यातील बाईवर ती केल्याचे पुढे लिहिले. कानाजवळची कातडी कशी कापावी हे त्या बाईनेच त्याला दाखविले होते, असे म्हणतात. पॅरिसमध्ये सुझान नोएल ह्या डॉक्टरीणबाईंनी ह्या विद्येस वाहून घेतले, आणि १९२६ साली त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नोएलबाई स्त्रियांच्या हक्कांच्या कट्टर पुरस्कर्त्या. सुरकुत्या दिसू लागताच पोट भरण्याची नोकरी हातची जाते अशा बायकांना त्या आपल्या कामाचे प्रयोजन म्हणून पुढे करीत. हा मुद्दा आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण रूपाची हौस आणि पोटाची चिंता ह्यांमधील रेघ वाटते तितकी ठळक नसते.

परंतु त्याच पॅरिसमध्ये १९२८ साली एक दुर्दैवी प्रकार घडला. एका तरुणीस आपल्या पोटऱ्या जाड वाटत होत्या, म्हणून दुजारिए ह्या नामांकित शल्यवैद्याने त्यांवर शस्त्रक्रिया केली. पाय सडला आणि तो कापून टाकावा लागला. १९२९ साली खालच्या न्यायालयाने निकाल दिला, तो ऐकून साऱ्या शल्यवैद्यांत खळबळ उडाली. निरोगी अवयवावर, केवळ त्याचा आकार सुधारावा म्हणून, गंभीर धोक्याची शस्त्रक्रिया हाती घेणे हाच दोष होय, असे त्या न्यायालयाने ठरविले. हा नियम अक्षरशः लागू केला असता तर सौंदर्यासाठी होणारी कित्येक शस्त्रक्रिया तेथेच थांबली असती. १९३१ साली वरिष्ठ न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण पाया बदलला. धोका व लाभ ह्यांचे प्रमाण राखले होते काय, आणि धोक्याची पुरी कल्पना रोग्यास दिली होती काय, ह्या प्रश्नांवर भर आला. आमच्या मते हे पाऊल योग्य दिशेने पडले. न्यायाधीशाने सौंदर्याची किंमत ठरवू नये. मात्र ज्याला ती द्यावी लागणार आहे त्याला आकडा कळला होता की नाही, हे त्याने अवश्य पाहावे. पुढे फ्रान्सने २००२ साली कायदाच केला, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी रोग्याच्या हाती लेखी तपशील देऊन पंधरा दिवसांचा अवधी सोडण्याचे बंधन तेथे आले.

ह्या मधल्या काळात शल्यविद्याही थांबली नव्हती. आरंभी नुसती कातडी ओढून शिवीत. ती थोड्याच काळात पुन्हा सैल पडे. स्वीडनच्या स्कूग ह्यांनी कातडीखालचा थरही तिच्यासह उचलण्याची रीत १९७४ च्या आपल्या ग्रंथात मांडली. १९७६ साली मित्झ व पेरोनी ह्या फ्रेंच जोडीने त्या थराची शरीररचना रीतसर वर्णिली. शस्त्र जसे खोल गेले तसा परिणाम टिकाऊ झाला. पण खोल गेल्यावर नव्या अडचणी दिसू लागल्या. मानेवरील चरबी काढून कातडी घट्ट बसविली की, जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंस असलेल्या, सुमारे अक्रोडाएवढ्या लाळग्रंथी काही जणांत फुगवट्यासारख्या उठून दिसतात. पूर्वी त्या चरबीआड झाकलेल्या असत. त्या नव्याने वाढलेल्या नसतात. आवरण गेल्याने उघड्या पडतात, एवढेच. ह्यावर उपाय म्हणून दे पिना व क्विंता ह्या शल्यवैद्यांनी १९९१ साली रूपासाठी ग्रंथिच्छेदनाची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून शल्यवैद्यांत दोन तट आहेत.

ग्रंथी कापावी असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. ते म्हणतात की, संपूर्ण ग्रंथी आम्ही काढीत नाही. हाडाच्या रेषेखाली लोंबणारा भाग तेवढा, ग्रंथीच्या वेष्टनाच्या आत राहून, छाटतो. उरलेला भाग आपले काम करीत राहतो. मेंडेलसन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१५ साली ओळीने ११२ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध करून ह्या रीतीचा पुरस्कार केला. शिवाय फुगवटा तसाच ठेवला तर रोगी असमाधानी राहतो व पुन्हा टेबलावर येतो, हाही त्यांचा युक्तिवाद आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे. तोंड स्वस्थ असताना, म्हणजे आपण जेवीत नसतो तेव्हा, जी लाळ स्रवते तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग ह्या जबड्याखालच्या जोडीचा असतो. चर्वणाच्या वेळी मात्र कानाजवळच्या ग्रंथी पुढे सरसावतात. ही स्वस्थ वेळची लाळच दात राखते, जीभ ओली ठेवते, बोलणे व गाणे सुकर करते. वय वाढते तशी रक्तदाबाची व तत्सम औषधे सुरू होतात, आणि त्यांतील कित्येक औषधे मुळातच तोंड कोरडे पाडतात. त्यातच ग्रंथीचा भाग गेला तर राखीव ठेवीतून खर्च झाला असे समजावे. शिवाय ग्रंथीच्या अंगावरूनच चेहऱ्याची धमनी जाते. खालचा ओठ खाली ओढणारी नस वरून आणि जिभेच्या संवेदनेची व हालचालीची नस खालून जवळ असते. मानेत खोल रक्तस्राव झाला तर श्वासनलिकेवर दाब येण्याचे भय आहे. कापलेल्या भागातून लाळ झिरपून कातडीखाली साचू शकते. हे सारे नेहमी घडते असे नाही, आणि घडले तरी बहुतेक वेळा सावरता येते. पण छाटलेला भाग परत बसविता येत नाही.

येथे आम्हांस महाभारतातील ययातीची आठवण होते. शुक्राचार्यांच्या शापाने आलेली जरा त्याने पुरूस दिली व त्याचे तारुण्य घेतले. ती कथा ऐकताना आपण ययातीच्या अतृप्तीकडे पाहतो. पण जरा नाहीशी झाली नव्हती, ती दुसऱ्याच्या अंगावर गेली होती, हेही तितकेच खरे. आणि व्यासांनी एक सूक्ष्म गोष्ट सोडली नाही : ययातीने आधी विचारले. चार पुत्रांनी नकार दिला, पुरूने होकार दिला. ग्रंथीला विचारण्याची सोय नाही. म्हणून जिच्या देहात ती आहे तिला दुप्पट काळजीने विचारले पाहिजे.

आपल्या देशाच्या कायद्याने ह्याबाबत काय म्हटले आहे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचे एक प्रकरण आले. एका बाईने केवळ तपासणीसाठी संमती दिली होती. ती बेशुद्ध असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, एका कृतीची संमती दुसऱ्या कृतीस चालत नाही. जीव वा प्रकृती वाचविण्यासाठी थांबणे अशक्य असेल तेव्हाच अपवाद. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि मोठे धोके रोग्यास आधी सांगितले पाहिजेत. परंतु त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केले की, शस्त्रक्रियेच्या ओघात लागू शकणाऱ्या पुढील कृतीची संमती आगाऊ घेता येते. बाईंच्या कागदातील 'गरज भासल्यास' हे दोन शब्द म्हणूनच महत्त्वाचे होते. ते निरर्थक नव्हते. सही झाल्यावर ते त्यांना बांधणार होते. आणि येथे गरज कोणाची? प्राणाची नव्हे, आकाराची. आकाराची गरज रोगी बेशुद्ध असताना दुसऱ्याने ठरवावी, हे आम्हांस मान्य नाही. फुगवटा शस्त्रक्रियेपूर्वीही बोटांनी चाचपता येतो. निर्णयही तेव्हाच व्हावा.

असो. शस्त्रक्रिया करून घ्या किंवा करू नका, असे आम्ही बाईंस सांगितले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. उतारवयात आरशासमोर उभे राहण्याचे ओझे ज्याचे त्याला ठाऊक. आम्ही त्यांना चार प्रश्न लिहून दिले. ग्रंथीचा किती भाग काढणार? आम्ही घेत असलेल्या औषधांनी तोंड आधीच कोरडे पडते, त्याचा विचार झाला आहे काय? ग्रंथी तशीच ठेवली तर मान कशी दिसेल? आणि ह्या कलमावर वेगळी सही का नाही?

बाईंनी प्रश्न वाचले, आणि दुसऱ्या प्रश्नाखाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली : "मी दर एकादशीला दोन तास गाते." मग कागदाची घडी करून त्यांनी तो टाळांच्या पिशवीत ठेवला. सही अजून कोरी होती.